एक्स-रेत न दिसलेली पाठ

तंजावूर, १२ जुलै २०२४

ती. अण्णास,
विनुताचा सा. न. वि. वि.

अप्पांचं श्राद्ध आटोपून तुम्ही दोघं चेन्नईला सुखरूप पोचलात, असं रंजनावहिनींनी कळवलं. फोनवर तुझ्याशी बोलायला गेले की मुद्द्याचं राहूनच जातं, म्हणून लिहिते. शिवाय घरात बाकीच्यांना वाचता तमिळच येते, देवनागरी आपल्या दोघांनाच, तेवढाच आडोसा.

त्या दिवशी पंगतीत तुला पाठीसाठी खुर्ची दिली. मी सकाळपासून वाढत होते, तर मामी म्हणाल्या, हिला कसली पाठदुखी, भिंगरीसारखी फिरतेय. पण अण्णा, फिरतानाच बरं वाटतं. शेवटच्या पंगतीत जेवून उठताना भिंत धरावी लागली. पहाटे तर कूसही बदलवत नाही. अकरा वर्षं झाली. एक्स-रे स्वच्छ येतो आणि डॉक्टर म्हणतात, वय, बाईपण, मन. आता नव्या डॉक्टरम्मांनी तुझ्या कण्याचे रिपोर्ट मागितलेत. त्यांना तुझाच मणके जुळत जाण्याचा आजार वाटतो, आणि तो सख्ख्या भावाला असला तर निदानाला आधार मिळतो म्हणे. तेवढे पाठव.

कोशिंबिरीत मीठ मीच दोनदा घातलं होतं, वहिनींवर संशय नको.

धाकटीवर माया असू दे,
विनुता


चेन्नई, २६ जुलै

चि. विनुतास अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून अप्पांच्या छडीला भ्यायल्यासारखं सरळ आहे, माझं बघतेसच.

विनू, हा आजार पुरुषांचा. चोवीस वर्षांपूर्वी माझ्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. माझे मणके जुळून गेलेत, तुझा एक्स-रे स्वच्छ; देवाचे आभार मान. अंथरुणावरच्या अम्माला पाच वर्षं उचललंस, त्याचा हा शीण. ओरत्तनाडूच्या शाळेतल्या नोकरीतून रजा घे आणि पडून राहा. रिपोर्ट माळ्यावर असतील, शोधतो.

तुझं बरं चिंतणारा,
वादिराज


तंजावूर, २० नोव्हेंबर

ती. अण्णास सा. न.

रिपोर्ट आले नाहीत. दोन महिने वाट पाहिली. तू म्हणालास म्हणून तीन आठवडे पडूनही राहिले आणि पलंगावरून उतरवेना. शेवटी डॉक्टरम्मांनी तोंडी माहितीवरच एमआरआय करायला लावला. सोबत कोण आलंय, असं नर्सनं विचारलं. कुणी नाही म्हणाले.

आजार तोच निघाला, तुझाच. शरीराचे पहारेकरी आपल्याच सांध्यांवर उठतात, बाईत काय, पुरुषात काय. पण त्यांची रीत वेगळी, असं डॉक्टरम्मांनी समजावलं. पुरुषांत बहुधा हाड लवकर वाढतं, ते एक्स-रेत दिसतं. बायकांत दुखणं मानेपासून टाचेपर्यंत पसरतं आणि हाड बरीच वर्षं गप्प राहतं. संप्रेरकांचा हात असावा, आणखीही काही असावं. पुरतं कळलेलं नाही, कारण वर्षानुवर्षं तपासलं ते जास्त करून पुरुषांनाच. तुला ज्या इंजेक्शनांनी उभं केलं, ती बायकांना अनेकदा तितकी लागू पडत नाहीत. माझी दोन झाली. फरक आहे, थोडा.

डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांनी ही पहाट भोगलेली नव्हती, तू भोगलीस. पडून राहिलं की पाठ लाकूड होते, म्हणून तू रोज मरिनाच्या किनाऱ्यावर चालतोस. मग मला पडून राहायला का सांगितलंस?

उत्तराची वाट पाहणारी,
विनुता


चेन्नई, २ डिसेंबर

चि. विनू,
आशीर्वाद लिहायचा धीर होत नाही.

रिपोर्ट माळ्यावर नव्हते, टेबलाच्या खणात होते. आठ वर्षांपूर्वी तू पहाटेचं दुखणं पहिल्यांदा सांगितलंस, तेव्हाच मी ओळखलं होतं. अम्मा अंथरुणाला खिळली होती. तुझा आजार खरा ठरला असता, तर तिला इकडे आणावं लागलं असतं. मला माझ्या पाठीची भीती वाटली. पुरुषांचा आजार, हे वाक्य सोयीचं होतं, ते धरून ठेवलं. अम्मा गेल्यावर सोडायची लाज वाटली. रंजनाला यातलं काही ठाऊक नाही.

रिपोर्ट सोबत जोडलेत, उशिरा. एखाद्या रविवारी येऊ का? नको म्हणालीस तर येणार नाही.

तुझा अपराधी,
वादिराज


तंजावूर, ९ डिसेंबर

ती. अण्णास नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. अकरा वर्षं मला वाटायचं, माझं मनच खोटं बोलतंय. एकदा कुणाला न सांगता मनाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. राग जाईल की नाही, सांगता येत नाही.

येत्या रविवारी ये. क्षमा मागू नकोस, फळंही आणू नकोस. शेजारी बस आणि पहाटे तुला नेमकं कुठे दुखतं ते सांग. हे विचारायला मला दुसरं कुणी नाही.

लोभ कमी झालाय, तुटलेला नाही.
विनुता