मला पिकअप नकोच आहे

४ जानेवारी, सकाळी ७.१०

नवीन वर्षाचा संकल्प तीन दिवस उशिरा करतोय. मुद्दाम. एक तारखेला काय, कोणीही करतं.

जुनी पिकअप घ्यायची. धंदा सुरू करायचा. निवेदिताला कळू द्यायचं की मी कोण आहे. आणि चिडायचं नाही. शेवटचं सगळ्यात सोपं.

७.२५

आईवर चिडलो. चहा गार होता. हे धरायचं नाही, तेव्हा मी चहा घेतलेला नव्हता.

दुपारी

बाबांनी अट घातली. सुपारी सोलता सोलता, माझ्याकडे न बघता. म्हणाले, एकतीस तारखेला एक तर पिकअप दारात उभी पाहिजे, नाहीतर तू कॉलेजात. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख पण एकतीस आहे, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. पिकअपचे अर्धे पैसे ते देणार, अर्ध्याचं कर्ज माझ्या नावावर. मी म्हटलं, मंजूर. मागच्या मार्चमध्ये मी प्रॅक्टिकलचं जर्नल सरांच्या टेबलावर आपटून बाहेर पडलोय. असा माणूस परत आत जात नाही.

सत्तावीस दिवस आहेत. एक गाडी घ्यायला सत्तावीस दिवस म्हणजे चैन आहे.

५ जानेवारी

बोर्लीच्या नाक्यावर कोंडाजीची पिकअप बघितली. पांढरी, नऊ वर्षांची. तीन लाख दहा सांगतोय. कोंडाजी आतल्या गावचा. पावसाळ्यात भात लावतो, एरवी भाडी मारतो. गुडघा गेला म्हणून गाडी काढतोय. म्हणाला, गाडी न्हाय ही, लेक हाय माजी. हौद्यात नारळ-सुपारीबिगर काय टाकलं न्हाय आजवर.

तो बोलत होता तेव्हा गाडीखाली चार मांजरं बसली होती. मुक्या जनावरांना चांगला माणूस कळतो.

गाडी बघताक्षणी आवडली, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. हे आमच्या रक्तात आहे. सुपारीचा व्यापारी दारात आला की बाबा म्हणतात, यंदा विकायचा विचारच नाही बुवा. वादळात निम्मी वाडी झोपली त्या वर्षीसुद्धा बाबा असंच म्हणाले, तेव्हा विकायला काही नव्हतंच, पण म्हणाले. गरज दाखवली की मेलास, हा त्यांचा नियम. मी कोंडाजीला म्हटलं, काका, सहज आलो होतो. मला पिकअप नकोच आहे.

कोंडाजी म्हणाला, बरं. आणि तंबाखू मळायला लागला. आतून हादरला असणार.

६ जानेवारी

निवेदिता दुकानात भेटली. ती समुद्राकडच्या आळीत राहते. ती आणि तिची आई गोदाकाकू, दोघी मिळून चार खोल्यांत पर्यटक ठेवतात. माझ्यापेक्षा ती दोन वर्षांनी मोठी आहे, पण उंचीने कमी आहे, म्हणजे हिशेब सरळ झाला.

तिने विचारलं, गाडी बघतोयस म्हणे? म्हटलं, छे, मला नकोच आहे. मग घरी येताना सुचलं की हाच नियम तिलाही लावायचा. गेलं वर्षभर मी तिला दिवसाला चार मेसेज टाकतोय, म्हणजे चार वेळा गरज दाखवतोय. भाव चढणार नाही तर काय होणार? आजपासून बंद. तिच्यात रस नाही असं दाखवायचं.

६ जानेवारी, संध्याकाळी

एकच मेसेज टाकला. आजपासून मेसेज टाकणार नाही एवढंच कळवलं. तिचं उत्तर, ओक्के. नेहमी ओके असतं. एक क जास्त. नियम लागू पडतोय.

९ जानेवारी

गाडीची ट्रायल चालू आहे. कोंडाजी म्हणाला, रिकामी गाडी कोनबी चालवील शेट, लोडवर बगा म्हंजे कळंल. अगदी माझ्या मनातलं. काल चिरे भरून नेले, शेखाडीला उतरवले. आज मंडपवाल्याच्या खुर्च्या. उद्या पेंढा आहे. डिझेल माझं, कारण ट्रायल माझी. उतरवायला पण मीच, कारण त्याचा गुडघा. कोंडाजी दिवसभर नाक्यावर बसून भाड्याचे फोन घेतो.

बिचाऱ्याला वाटतंय तो मला राबवतोय. दोन दिवस मी त्याची गाडी फुकट फिरवतोय, हे त्याच्या लक्षातही आलेलं नाही.

निवेदिताच्या आळीतून आज सहा वेळा गेलो. एकदाही तिच्या घराकडे बघितलं नाही. सातव्यांदा बघितलं. ती गाद्या उन्हात टाकत होती.

१२ जानेवारी

आरावीच्या अरुंद रस्त्यावर पुण्याची मोठी गाडी समोरून आली. मागे कोणी घ्यायचं? त्यातला माणूस म्हणाला, दादा, जरा मागे घेता का. त्या 'जरा'ने माझं डोकं फिरलं. म्हटलं, रस्ता आमचा, समुद्र आमचा, मागे तुम्ही घ्या. वीस मिनिटं उभे. शेवटी तोच दीडशे फूट मागे गेला.

खरं म्हणजे रिव्हर्स पडत नव्हता. पण जिंकलं ते जिंकलं.

संध्याकाळी निवेदिताचा फोन. स्वतःहून. ते पुण्याचे लोक तिच्याकडेच उतरलेत आणि आल्यापासून तोंड पाडून बसलेत. ती म्हणाली, तू मागे का नाही घेतलीस रे? खरं कारण सांगावं लागलं. मला वाटलं ओरडेल. तर शांतपणे म्हणाली, रिव्हर्सचा खर्च किती येतो?

राग यायच्या ऐवजी काळजी. यावर जास्त लिहीत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

निवेदिता तिळगूळ घेऊन आली. बाबांना एक वडी, आईला एक, मला दोन. मी म्हटलं, एवढं गोड मी खात नाही. (ती गेल्यावर खाल्ल्या.)

मग अर्धा तास बसून तिने पिकअपचंच विचारलं. पासिंग कधीपर्यंत आहे, विमा भरलाय का, आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चढावर दम लागतो का. कोणतीही मुलगी क्लच प्लेटबद्दल अर्धा तास उगाच बोलत नाही. तिच्या मनात नक्की काहीतरी आहे.

आई अंगणात उभ्या गाडीजवळ गेली, वास घेतला आणि म्हणाली, विहंग, यात सोडे वाळवलेत का कोणी? आईचं नाक सणाच्या दिवशी फार चालतं.

१७ जानेवारी

सदाच्या गॅरेजला गाडी नेली. सदा शाळेपासूनचा मित्र. त्याने हौद्यातलं रबर उचललं. खाली पत्र्याची चाळण. सदा म्हणाला, अरे ही मासळीवर चाललेली गाडी आहे, बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं मुरलंय. मी म्हटलं, कोंडाजीकाका खोटं बोलणार नाही. सदा म्हणाला, मग ती मांजरं काय हळदीकुंकवाला येतात?

सदाशी भांडलो. पाना फेकला. पाना त्याचा होता, त्यामुळे उचलून परत दिला.

मग तो म्हणाला, येड्या, पुरतं ऐकशील? इंजिन वाघ आहे. खालचा पत्रा बदलायचा, रिव्हर्सचं काम करायचं, दहा वर्षं ओढील. दोन चाळीसला मिळाली तर डोळे मिटून घे. पण आत्ता घे. सीझन चालू आहे, राहायची नाही.

सदा कारागीर चांगला, पण व्यवहार त्याला कळत नाही. दोन चाळीसला घ्यायची असेल तर आणखी दहा दिवस नको म्हटलं पाहिजे. मग कोंडाजी स्वतः दोनवर येईल.

१८ जानेवारी

गाडीचे सगळे दोष लिहून काढले. एकोणीस भरले. प्रत्येकापुढे खर्च आणि त्यावरून किती पाडून मागायचं तो आकडा. कॉलेजात दोन वर्षांत एवढं नीट काही लिहिलं नव्हतं. फोटो काढून निवेदिताला पाठवला. माणसाची तांत्रिक बाजू पण दिसली पाहिजे.

तिचं उत्तर, बापरे, किती हुशार आहेस तू.

आठ वेळा वाचलं. नवव्यांदा आईने फोन काढून घेतला.

२२ जानेवारी

महत्त्वाचा दिवस. निवेदिताने मला देवळापाशी थांबवलं. म्हणाली, विहंग, खरं सांग, ती गाडी तू नक्की घेणार नाहीस ना? घेणार असशील तर आत्ताच सांग.

आता, कोंडाजी त्यांच्याकडे नारळ टाकतो. इथे हो म्हटलं की तासाभरात बातमी बोर्लीच्या नाक्यावर. एवढे दिवस केलेली मेहनत पाण्यात. मी म्हटलं, मी? फुकट दिली तरी नको.

ती म्हणाली, नक्की?

म्हटलं, नक्की.

ती हसली. असं मोकळं हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाली, रविवारी आमच्या वाडीत पोपटी लावतोय, येतोस? मडक्यातल्या वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, खालून जाळ. तो वास नुसता आठवला तरी माझ्या तोंडाला पाणी सुटतं. पण सौदा अर्ध्यात असताना ढिलं पडायचं नसतं. म्हटलं, बघतो. मला पोपटीची एवढी काही आवड नाही.

तिचं हसू जरा कमी झालं. म्हणजे लागलं.

२५ जानेवारी, रविवार

गेलो नाही. कुंपणाबाहेरून सहज चक्कर मारली, तीनदा. आत कोंडाजी मांडी घालून शेंगा सोलत होता, त्याचा गुडघा छान वाकत होता. शेजारी सदा. निवेदिता स्वतः कोंडाजीला वाढत होती.

आधी डोकं सणकलं. मग प्रकाश पडला. ती माझ्यासाठी कोंडाजीला नरम करतेय. मी एका बाजूने नको म्हणतोय, ती दुसऱ्या बाजूने खाऊ घालतेय. असं जोडीने काम करणारी माणसं आयुष्यात कुठल्या कुठे जातात.

घरी वरणभात होता.

२८ जानेवारी

तीन दिवस कोंडाजी ट्रायलला गाडी देत नाही. फोनही उचलत नाही. वाकतोय.

बाबांनी विचारलं, काय ठरलं? म्हटलं, घाई करू नका. बाबा म्हणाले, मी करत नाही, कॅलेंडर करतंय.

३० जानेवारी

उद्या टोकन. कोंडाजीला शेवटचा आकडा दोन लाख दहा. फारच अडला तर दोन चाळीस. मग गाडी घेऊन सरळ निवेदिताच्या दारात. म्हणणार, ही घेतली, आता पोपटीला बोलव. एका दिवसात दोन्हीकडचा नकार मागे घ्यायचा. आरशासमोर चेहरा करून बघितला. आनंद दिसतोय. कमी करायला हवा.

३१ जानेवारी, सकाळी ९.३०, बोर्ली नाका

कोंडाजी आहे. गाडी नाही.

मी म्हटलं, काका, तुम्ही फारच मागे लागलात म्हणून विचार करतोय. कोंडाजी म्हणाला, म्या कवा लागलो? गाडी काल गेली की. मी म्हटलं, गेली म्हणजे? तो म्हणाला, गोदाताईच्या पोरीनं घेतली. रविवारी जेवायला बोलिवलं आनि पान खाऊन झाल्यावर कागुद काढला. एकोनीस खोटी. एकेक वाचून दावली, म्होरं आकडा. शेट, जन्मात असं शिकलेलं गिऱ्हाईक पाह्यलं न्हाय म्या. दोन चाळीसला सोडली.

म्हटलं, आणि मी? तुमच्या गाडीत महिनाभर चिरे वाहिले ते?

कोंडाजी माझ्याकडे खरोखर गोंधळून बघायला लागला. म्हणाला, आरं तूच म्हनालास न्हवं नको म्हनून. पाच येळा. म्या समजलो, पोराला गाडी चालवायची हौस हाय.

१०.१५

निवेदिताच्या अंगणात. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. सदा खालचा पत्रा बदलूनच गाडी घेऊन आला होता.

ती म्हणाली, तुझे उपकार कसे फेडू. तुझा कागद नसता तर त्याने मला तीन लाखाला गुंडाळलं असतं. दर शनिवारी पर्यटकांसाठी सामान आणायला दुसऱ्याचा टेम्पो मिळतो का बघत बसायचं, ते संपलं.

मला चिडायचं होतं. वर्षभरातलं सगळ्यात मोठं चिडणं तयार होतं. ती काच पुसत म्हणाली, मी दोनदा विचारलं तुला. तू हो म्हणाला असतास तर मी बघितलीसुद्धा नसती.

म्हटलं, नकोच होती मला.

ती म्हणाली, हं. पोपटी पण नको होती. त्या दिवशी तुझ्यासाठी एक मडकं वेगळं लावलं होतं. आईला सांगितलं होतं, येईल तो, तोंडाने नाही म्हणतो पण येईल. वाट बघून शेवटी सदाला दिलं.

सदा गाडीखाली घुसला. तिथे काही काम उरलेलं नव्हतं.

मी तीनदा कुंपणापर्यंत आलो होतो, हे सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांचा फोन. फक्त एवढंच म्हणाले, ऑफिस दोनला बंद होतं.

ती म्हणाली, श्रीवर्धनला चालली आहे मी, गाद्या आणायला, तुझं कॉलेज वाटेतच आहे. सोडते. पुढे ती, गोदाकाकू आणि शिकवायला सदा. मी हौद्यात बसलो. नवीन पत्रा चांगला बसवलाय. ऊन लागून तापतो.

दुपारी १.४०, कॉलेजचं ऑफिस

फॉर्म भरला. त्यात एक रकाना आहे, शिक्षणात खंड पडण्याचे कारण. लिहिलं, व्यवसाय.

खिडकीमागच्या क्लार्कने चष्म्यावरून बघितलं. विचारलं, कसला व्यवसाय? म्हटलं, वाहतूक. विचारलं, स्वतःची गाडी?

म्हटलं, नाही. हवी होती.

खूप हवी होती, असं पण म्हणालो. त्याने पावती सरकवली आणि माझ्या मागच्याला हाक मारली.