मी हिला ओळखत नाही

तालेक्वा, १२ मे

प्रिय डेलोइस,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. मार्चमध्ये चर्चच्या रानकांद्याच्या जेवणात तुझी आई, ओडेसामावशी, म्हणाली, माझा पणजोबा चेरोकी होता. आणि 'आमची पणजी चेरोकी राजकन्या होती' म्हणत परगावाहून मुळं शोधत येणाऱ्यांची आम्ही चेरोकी उडवतो तीच थट्टा मी तिची केली. "सरका गं, आणखी एक चेरोकी राजकन्या आली!" सगळं टेबल हसलं. मावशीही हसली. पण ताटातलं कांदा-अंडं तिनं तसंच ठेवलं, ते मी पाहिलं होतं.

चेरोकी जमातीच्या नोंदणीच्या जुन्या जबान्या चाळणं हे माझं रोजचंच काम. एप्रिलमध्ये तुझी पणजी रूथी सापडली, चेरोकींच्या गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांच्या यादीत. चेरोकी रक्त किती, तो रकाना कोरा. तिची आई जेसी डाउनिंग नावाच्या चेरोकीच्या घरची गुलाम. कारकुनानं बापाचं नाव विचारलं, तर म्हणाली, "जेसीच. त्याची धाकटी लेक बाहेर बाकावर बसलीय, विचारा तिला." लेकीला आत बोलावलं. तिचं उत्तर एका ओळीचं आहे: "मी हिला ओळखत नाही." सही केटीची. माझ्या पणजीची.

खरंच ओळखत नसेल, असं मी आठवडाभर धरून चालले. मग केटीचं बायबल काढलं. शेवटच्या पानावर आपल्या चेरोकी लिपीत काहीतरी आहे, ते घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. आई म्हणायची, औषधं असतील. या हिवाळ्यात मी ती अक्षरं शिकले ना. अडखळत वाचलं: "आज माझ्या मोठ्या बहिणीला, रूथीला, पुरलं. मी रस्त्यावरूनच पाहिलं."

आईला वाचून दाखवलं. "चुलीत घाल," म्हणाली. "आपल्यात कुळ आईकडून येतं. तिच्या आईला कुठलं कुळ?" मी म्हटलं, मग केटीनं बहीण कशाला लिहिलं? ती शेंगा सोलत राहिली. सोलता सोलताच म्हणाली, "मावशी मावशी करत होतीस ना तोंडदेखलं? घे. खरीच निघाली."

दर मेप्रमाणे या शनिवारी आमच्या घराण्याच्या दफनभूमीत थडगी साफ करायची आहेत. जेसी तिथंच आहे. त्याच्यापाशी फुलं ठेवू द्याल का, असं मावशीनं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा "आत फक्त घरची माणसं" म्हणून फाटक मीच लावलं. ती ब्याण्णव वर्षांची आहे, पुढच्या मेचा भरवसा मी कुणाच्या जोरावर धरू? दोन्ही कागदांच्या नकला सोबत ठेवल्या आहेत. तिला घेऊन ये. आमच्यातलं कुणीतरी विचारेलच, ही कोण. या वेळी उत्तर मी देईन.

फाटकापाशी थांबलेली,
तुझीच,
लोरीन