डिकीवर न लिहिलेला आकडा

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. सिस्टर अलोइझिया म्हणायच्या, रागात बोलू नये, लिहून काढावं. कॉन्व्हेंट सोडून साठ वर्षं झाली. आता एवढं साठलंय की एक वही पुरेल असं वाटत नाही.

आजचं कारण: ग्योट्स. माझा मुलगा. वरच्या मजल्यावर राहतो आणि काही हवं असलं तरच खाली उतरतो. आज गॅरेज हवं होतं. विजेची गाडी घेतोय, तिच्या चार्जिंगची पेटी भिंतीवर बसवायची आहे. म्हणाला, आई, बाबांची गाडी विकून टाकू. तू अठ्ठ्याहत्तरची, ती तिशीची, दोघींनी आता जरा दमानं घ्या.

दोघींनी!

मी म्हटलं, ती गाडी नाही, मर्सिडीज आहे. तो म्हणाला, जुनं लोखंड आहे. मी म्हटलं, वारसा आहे. तो म्हणाला, मग तज्ज्ञाकडून तसं लेखी आण. तीस वर्षं झालेल्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते. ऑक्टोबर संपायच्या आत ती मिळाली तर गॅरेज तुझं, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही मिळाली तर गाडी जाणार.

हात मिळवला. बिचारा. सहा सिलिंडरशी पैज लावतोय.

३ सप्टेंबर, मंगळवार

नोंद असावी म्हणून लिहिते. आमच्या डिकीवर मॉडेलचा आकडा नाही. नुसता गुळगुळीत पत्रा. परक्या माणसाला वाटेल, गळून पडला असेल. श्टुटगार्टच्या माणसाला कळतं. आमच्याकडे ज्याच्याकडे असतं तो दाखवत नाही. मोठ्या इंजिनाची गाडी घ्यायची आणि ऑर्डर देतानाच सांगायचं, मागे आकडा लावू नका. उगाच शेजाऱ्यांच्या पोटात दुखायला नको.

ऑयगेनने, माझ्या दिवंगत नवऱ्याने, मे १९९४ मध्ये हेच केलं. अडतीस वर्षं मर्सिडीजच्या कारखान्यात दारांच्या कुलपांचे आराखडे काढले त्याने. बढाई त्याच्या रक्तातच नव्हती. माझ्याही नाही. या विषयावर मी कधी अवाक्षर काढत नाही. आज फक्त पोस्टमनला सांगितलं, बेकरीत सांगितलं, आणि औषधांच्या दुकानात रांगेत दोघी होत्या त्यांना.

१२ सप्टेंबर, गुरुवार

चर्चच्या सभागृहात दर गुरुवारी बायकांची दुपार असते. १० ऑक्टोबरला तिथे व्याख्यान देण्याचं माझ्यावर आलं. विषय: ‘ताऱ्याचा इतिहास’, म्हणजे मर्सिडीजचा. आलं म्हणजे मी मागून घेतलं. नाहीतर गुडघ्यांच्या व्यायामावर कुणीतरी बोलणार होतं.

संकल्प: रोज सहाला उठणे. दोन तास वाचन. व्याख्यान होईपर्यंत केक बंद.

दुपारी ३. शेजारच्या कास्पारेकबाई आलुबुखाराचा केक घेऊन आल्या. नाही म्हणणं हा उद्धटपणा झाला असता. दोन तुकडे.

या बाईंबद्दल. एकेचाळीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो, अजून एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणतो आणि तसंच बरं आहे. त्यांचा नवरा ऑयगेनच्या शेजारच्याच टेबलावर काम करायचा. स्वतः बाई सायकलवरून फिरतात. आमच्या गाडीकडे कधी मत्सराने पाहत नाहीत. फार खोल बाई आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

नऊला उठले. पण वाचन जोरात.

१८८६, बेंझचं पेटंट. त्याच सुमारास डाइमलरही आमच्या कान्श्टाटच्या अंगणात इंजिनाशी झटत होता. दोघांमध्ये जेमतेम शंभर किलोमीटर, आणि आयुष्यात दोघं कधी एकमेकांशी बोलले असं कुठे वाचायला मिळत नाही. मला यात काहीच विचित्र वाटत नाही. मी माझ्या बहिणीशी एकोणीस वर्षं बोललेले नाही आणि ती तर पुढच्याच स्टेशनला राहते.

खरा मान बेर्टा बेंझचा. १८८८. नवऱ्याला न सांगता गाडी काढली, दोन मुलं बसवली आणि थेट माहेर गाठलं. इंधन औषधांच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने साफ केली, चढावर मुलांना ढकलायला लावलं. हे वाचून मन भरून आलं. वर जाऊन ग्योट्सला विचारलं, तू असतास तर ढकललं असतंस का? तो म्हणाला, का, ढकलावी लागतेय?

मर्सिडीज हे नाव एका मुलीचं, ताऱ्याची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी, आकाश. १९२६ ला दोन्ही घराणी एक झाली. तिथून मी थेट १९५४ वर जाते, पंखासारखी वर उघडणारी दारं असलेल्या गाडीवर. मधली काही वर्षं वेळेअभावी वगळली. चाळीस मिनिटांत माणूस काय काय सांगणार? आणि सिस्टर अलोइझियांचं वाक्य पाठ आहे: न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणं हे खोटं बोलणं नव्हे.

२१ सप्टेंबर, शनिवार

गाडीचे पाय मोकळे करायला रोटेनबर्गच्या चढावर नेली. द्राक्षांची तोडणी सुरू आहे. अर्ध्या वाटेत एका ट्रॅक्टरने मला मागे टाकलं. मागे भरलेल्या पेट्या, वर बसलेल्या दोन बाया. त्यांनी हात हलवला. मी नाही हलवला.

सहा सिलिंडरची ताकद ही राखीव ताकद असते. ती चारचौघांत काढायची नसते. पेडल तळापर्यंत दाबलं होतं ते नवा बूट कसा बसतो हे पाहण्यासाठी.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

तपासणीआधी सगळं नीट करून घ्यावं म्हणून राप मेकॅनिककडे नेली. तेल बदललं, ब्रेक पाहिले. संध्याकाळी घ्यायला गेले तर म्हणतो, चारही प्लग नवे घातलेत.

चार!

मी शांतपणे विचारलं, सिलिंडर सहा, मग उरलेले दोन प्लग कुठे आहेत? तो म्हणाला, कुठले दोन? मी म्हटलं, श्री. राप, मी शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं पालकांच्या खोट्या सह्या पकडल्या आहेत. मला खोटं लांबून कळतं. त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, श्टॉट्सबाई, गाडीला लागतात तेवढे सगळे घातलेत, ऑयगेनची शपथ.

ऑयगेनला मध्ये आणायचं काय कारण होतं?

घरी येऊन बॉनेट उघडलं. झाकणाखाली चारच दिसतात. उरलेले दोन मागच्या बाजूला असणार, जिथे हात पोचत नाही. आळशी माणूस. हल्लीच्या कारागिरांना पोचायचंच नसतं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

व्याख्यान झालं. एकंदरीत विजय.

एकोणीस बायका आल्या. गाडी दारातच लावली होती. बेर्टावर टाळ्या. मग माझी कल्पना: सगळ्यांना बाहेर नेलं आणि एकेकीला गाडीचं दार लावायला सांगितलं. लोक विचारतात, या गाडीत एवढं आहे काय? ते आकड्यांत सांगता येत नाही. तो आवाज ऐकावा लागतो. ना खडखड, ना आपटणं. थप्प. जाड पुस्तक मिटल्यासारखा. बाहेरचं जग बाहेर, आपण आत. त्या आवाजासाठी ऑयगेनची अडतीस वर्षं गेली. हे सांगताना मला चष्मा काढून पुसावा लागला. थंडी होती.

एकोणीस वेळा थप्प. शेवटच्या कास्पारेकबाई. त्यांनी दार हलकेच लावलं आणि म्हणाल्या, छान आहे. पण श्टॉट्सबाई, तुम्ही सव्वीसवरून एकदम चोपन्नवर आलात.

मी म्हटलं, वेळ कमी होता.

त्या म्हणाल्या, माझी आई त्रेचाळीस साली पोलंडहून या कारखान्यात आली. आली म्हणजे आणली. ती पण दाराच्या आवाजाबद्दल सांगायची. तिच्या बराकीचं दार बाहेरून लावायचे.

आवाज चढवला नाही, काही नाही. पावसाबद्दल बोलावं तसं बोलल्या.

मी म्हटलं, चला, कॉफी निवते आहे. केकला कुणी हात लावला नाही. या मंडळाला शिस्त नाही, हे मी पूर्वीपासून सांगते आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

कास्पारेकबाईंनी प्रश्न लेखी आणि आधी द्यायला हवा होता. नियम नियम असतो. पाठवण्यासाठी पत्र लिहिलं. पाठवलं नाही. एकेचाळीस वर्षांत आईबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या.

मीही विचारलं नव्हतं म्हणा.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

तपासणी! इंजिनियर म्हणजे केसांची शेपटी बांधलेली एक मुलगी, ग्योट्सच्या मुलीएवढी. जमिनीवर उताणी झोपून गाडीखाली गेली. रंग, आसनं, रेडिओ, सगळं मूळचं. डिकीशी थांबली. म्हणाली, आकडा नाही? मी सात मिनिटं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, कारखान्याचा ऑर्डरचा कागद पाहिला आणि म्हणाली, बरोबर, ऑर्डरमध्येच लिहिलंय, आकडा नको.

मग म्हणाली, आजी, मोठ्या गाड्या सगळेच जपतात. इतकी साधी गाडी इतकी जपलेली मी पहिल्यांदा पाहिली.

साधी! वय लहान आहे, सोडून दिलं.

पास! प्लेट मिळणार. प्रमाणपत्राचं पाकीट फोडलं नाही. ग्योट्ससमोर फोडणार.

रात्री ८. मसुराची आमटी आणि श्पेट्झलेच्या जाड शेवया केल्या, त्याला खाली बोलावलं, पाकीट त्याच्या ताटाशी ठेवलं. म्हटलं, मोठ्याने वाच. त्याने वाचलं: जतन करण्याजोगा वाहनवारसा. मी म्हटलं, पुढे. तो म्हणाला, बास ना आई, जिंकलीस तू. मी म्हटलं, पुढे! त्याने वाचलं: इंजिन, दोन लिटर, सिलिंडर चार.

मग त्याने आमटीवर घालायच्या व्हिनेगरची बाटली माझ्याकडे सरकवली. मी ती मागितली नव्हती.

२३ ऑक्टोबर, बुधवार

तपासणी कार्यालयाला तक्रारीचं पत्र लिहिलं, चार पानं. अशा हलगर्जीपणाने एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं, वगैरे.

पुरावा म्हणून गाडीतल्या खणातून नोंदणीचा कागद काढला. हा कागद ऑयगेनच पाहायचा. तो गेल्यापासून सहा वर्षं मी तो तिथेच राहू दिला होता. त्याच्या गोष्टींत लुडबुड करायची मला सवय नाही.

त्यावरही चार.

दोन सरकारी कागदांवर एकच चूक. राप धरला तर तीन जण. याला कट म्हणतात. पत्र उद्या टाकते.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पत्र टाकलं नाही.

जिना आणि फुटपाथ झाडायची माझी पाळी संपली म्हणून ‘आता पाळी तुमची’ ही पाटी अडकवायला कास्पारेकबाईंच्या दारी गेले. एरवी पाटी अडकवून निघते. आज त्यांनी दार उघडलं. मी सरळ विचारलं, आमच्या गाडीला किती सिलिंडर आहेत?

त्यांनी हातातला फडका खाली ठेवला. म्हणाल्या, चार.

कधीपासून माहीत आहे?

चौऱ्याण्णवपासून. आत या, कांद्याचा केक गरम आहे.

आत गेले. एकेचाळीस वर्षांत दुसऱ्यांदा. त्यांनी सगळं सांगितलं. त्या वर्षी आमचं छप्पर गळत होतं, म्हणून ऑयगेनने सगळ्यात लहान इंजिन घेतलं. पण गाडी यायच्या आधीच मी बहिणीला फोन करून सांगून मोकळी झाले होते, सहा सिलिंडरची येतेय. फोनवर मी जे बोलते ते सगळ्या घराला ऐकू जातं. दुसऱ्या दिवशी ऑयगेन ऑफिसात गेला आणि ऑर्डरवर लिहून आला: आकडा नको. मग कँटीनमध्ये सगळ्यांना सांगितलं, आमच्या हेडविगला कुणी काही बोलू नका, ती खुशीत आहे.

मी म्हटलं, म्हणजे अख्खी गल्ली तीस वर्षं माझ्याशी खोटं बोलली!

त्या म्हणाल्या, खोटं कुणी बोललं नाही, श्टॉट्सबाई. तुम्ही विचारलं नाहीत.

राप? त्यालाही माहीत होतं. पोस्टमन? आधीच्या पोस्टमनने जाताना नव्याला सांगून ठेवलं होतं. ग्योट्स? तेव्हा अठरा वर्षांचा होता, त्यानेच तर गाडी कारखान्यातून घरी चालवत आणली.

केकचा दुसरा तुकडा घेतला नाही. माझ्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे, नोंद असावी.

२७ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही. गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसले. दार लावलं. थप्प. आवाज तोच आहे.

संकल्प: १. गाडी ग्योट्सला देऊन टाकणे. २. गल्लीत कुणाशीही न बोलणे. ३. ऑयगेनच्या फोटोला आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवणे.

दुपारी ४. तिसरा संकल्प मागे घेतला. भिंतीचा रंग त्याच्या तोंडाला लागेल.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

नवी प्लेट लागली. ग्योट्सने स्वतः स्क्रू आवळले. मी म्हटलं, गॅरेज घे हवं तर. तो म्हणाला, पैज म्हणजे पैज, मी पेटी बाहेरच्या भिंतीवर लावतोय. मग डिकी पुसत म्हणाला, आकडा लावून घ्यायचा का आता? नवा मिळतो.

मी म्हटलं, मुळीच नाही. ऑर्डरमध्ये नाही.

व्याख्यानाच्या कागदांत १९२६ आणि १९५४ च्या मध्ये एक कोरं पान घातलं. वर लिहिलं: कास्पारेकबाईंना विचारणे. मंगळवारी चहाला बोलावलंय. केक त्याच आणणार आहेत.

संध्याकाळी रोटेनबर्गचा चढ. तोच ट्रॅक्टर, आता रिकामा, माझ्या पुढे निघून गेला. या वेळी मी हात हलवला. आणि चढ संपता संपता एक गोष्ट लक्षात आली, जी त्या इंजिनियर मुलीला, रापला आणि या अख्ख्या गल्लीला अजून सुचलेली नाही.

१८८६ च्या पहिल्या गाडीला एकच सिलिंडर होता. त्या मानाने माझ्याकडे तीन जास्त आहेत. उद्या बेकरीत सांगायला हवं.