आमचा शुद्ध शाकाहारी मासा

पलूस, रविवार

परममित्र सुभेदार नाथाजी यास अण्णाप्पाचा जय जिनेंद्र, आणि तुझ्या सवयीप्रमाणे रामरामही.

शिरवळला लेकाच्या फ्लॅटवर तुझे गुडघे काय म्हणतात? लिफ्ट बंद असेल तर खाली उतरू नकोस, चढायचं परत तुलाच आहे. इकडं तुझ्या घरी अंबूवहिनी, म्हैस आणि ऊस तिघंही खुशाल. फोनच करणार होतो, पण आमच्यात फोनवरचं बोलणं आधी स्वयंपाकघरात पोचतं, म्हणून हा कागद.

बातमी अशी, की मी समुद्र पाळलाय. (मागं मधमाश्या पाळल्या तेव्हाही तू हसलास, आणि तुझंच बरोबर निघालं.) बाहेरच्या खोलीत काचेची चार फुटी टाकी, पोत्यातलं खास मीठ घालून केलेलं खारं पाणी, त्यात प्रवाळ आणि एक एंजल मासा, केशरी अंगावर काळे पट्टे. सगळं मोबाइलवर बघून शिकलो. पाणी मात्र आपल्या रीतीनं फडक्यानं गाळलं. ते यंत्रातून आधीच इतकं गाळलेलं, की फडकंच धुऊन निघालं.

पुण्याचा दुकानदार म्हणाला, हा समुद्रातनं धरलेला नाही, टाकीतच जन्मलाय. मला वाटलं, जाळं नाही तर पाप नाही. त्या भरात बस्तीत जिनदेवाच्या दर्शनानंतर सगळ्यांना सांगून बसलो, आमचा मासा शुद्ध शाकाहारी राहील. बस्तीतले आमचे थोरले नानासो म्हणाले, "अण्णाप्पा, तुमाला एक उपास धरवंना, अन् मासा धरणार व्हय?" झालं. चारचौघांत शब्द दिला.

मग वाळल्या शेवाळाच्या वड्या, पालक, काकडी, सगळं सूर्यास्ताच्या आत वाढून झालं. हे महाराज वास घेतात आणि लग्नाच्या पंगतीत आमटी संपल्यासारखे माझ्याकडं बघतात. (प्रवाळाला मी फूल समजत होतो, तोही प्राणीच निघाला. मासा त्यालाच टोचा मारत होता. म्हणजे ते ताट मीच मांडून ठेवलेलं.) दुकानदार म्हणतो, नुसत्या पाल्यावर हा जगणार नाही, थोडी कोळंबी लागते. दोन महिने माझ्या हातचा घास नाही, तरी पोट गोल फुगत चाललंय. जलोदरच असणार. रोज उठल्या उठल्या बघतो, उलटा तरंगत तर नाही ना. माझ्या बढाईपायी मुका जीव जायचा.

असो. कानटोपी घालत जा.

तुझा,
अण्णाप्पा

ता. क. खरं काम पुढंच आहे. सकाळी आम्ही दोघं बस्तीत असताना अंबूवहिनी किल्लीनं दार उघडून दूध ठेवून जातात. बारीक कोळंबीचं पाकीट तुमच्या फ्रिजात ठेवून त्यांनी रोज चिमूटभर टाकीत टाकावी. वहिनींना सांगायला मला तोंड नाही, तू सांग. आमच्या सौ.ला, चंदनबालाला, कळता कामा नये.

दुसरा ता. क. पत्राच्या पाकिटाला डिंक आणायला उठलो, तेवढ्यात चंदनबालानं हे वाचलं. चष्मा पुसत म्हणाली, "आवं, लय उशिरा लिवलंसा. मासा आला त्याच्या चवथ्या दिवसापास्नं अंबू टाकती. घरात उपाशी जीव ठिवून बस्तीत कुठल्या तोंडानं बसायचं? मी काय बघितलं न्हाई. ती दूध ठिवाय येती, एवढंच मला ठावं हाय."

तेव्हा जलोदर नाही, जेवण आहे. पत्र तीच पोस्टात टाकतेय. नानासोंपाशी तू बोलू नकोस. चंदनबाला बोलायची नाही. तिला काही ठाऊकच नाही.