चालू ठेवू की बंद करू

अप्पा, तुमच्याशी बोलायचं म्हणजे एक तर समोर उभं राहून ओठ मोठे हलवायचे, नाही तर डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. गिरणीच्या साचाखात्यात इतकी वर्षं काढल्यावर तुमचे कान त्या मागांपाशीच राहिले होते. कागदावर ती अडचण नाही, म्हणून लिहितोय. मी अजून लालबागलाच आहे. आपली चाळ पाडली, त्याच जागेवर टॉवर झाला आणि त्यात वरच्या मजल्यावर मला घर मिळालं. घरात मी एकटा. तुमची सून गेली त्याला दोन गणपती झाले. तुमचा नातू परदेशात, थंडीच्या मुलखात, बायकोमुलांसकट. आणि बाहेरच्या खोलीत खिडकीखाली एक कॉम्प्युटर आहे. विचारायचं आहे ते त्याच्याचबद्दल. हा चालू ठेवू की बंद करू?

कॉम्प्युटर तुम्ही पाहिला नाहीत. टीव्हीसारखा पडदा, टेबलाखाली पत्र्याचा खोका आणि खोक्यात एक पंखा. तो पंखा सारखा घुमत असतो. दुसऱ्याला ऐकूही येणार नाही, पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत. जन्मभर लाऊडस्पीकरचा धंदा केला, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून कुठल्या कर्ण्याची वायर सैल आहे ते सांगायचो. आता धंदा माणसं बघतात, मी घरी बसून हा पंखा ऐकतो. शेजारच्या वहिनी बँकेतून रिटायर झाल्यात. वाटीभर काही द्यायला आल्या की आधी टेबलाखाली वाकून बघतात. "भावजी, हा दिवसरात्र चालूच? बिल काय येतं हो?" मी म्हणतो, "वहिनी, घरात दुसरं कोण खातंय? खाऊ दे त्याला." ठाकूरद्वारच्या ज्या दुकानदाराकडून घेतला त्याची तऱ्हा वेगळी. पहिल्या खेपेला म्हणाला, "शेट, बंद-चालू केलं की मशीनला झटका बसतो, चालूच राहू द्या." पुढच्या खेपेला तोच गडी म्हणतो, "रोज बंद करा, तापून मरेल." मी म्हटलं, "अरे बाबा, मागच्या खेपेला तर उलटं सांगत होतास." तर म्हणे, "तेव्हा थंडी होती, शेट!" मुंबईत थंडी! अशा माणसाशी वाद काय घालायचा. हसलो आणि चहा पाजून पाठवला.

पण अप्पा, माझा घोर ना बिलाचा आहे ना मशीनचा. सुनेचं तेरावं झालं आणि तुमचा नातू परत जायला निघाला, तेव्हा जाण्याआधी त्याने हे मशीन मांडून दिलं. मला शेजारी बसवलं, लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं. म्हणाला, "बाबा, हा बंद करायचा नाही. हा चालू असला की तिकडे माझ्या पडद्यावर तुमच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. ठिपका दिसला की मला कळतं, बाबा घरात आहेत, बरे आहेत." मी विचारलं, "आणि मी आंघोळीला गेलो तर?" "मस्करी नको ना, बाबा. मी इतका लांब. मला तेवढाच आधार." त्याचे डोळे भरले होते. आई गेली तेव्हा वेळेवर पोहोचला नव्हता तो. मी गुमान मान हलवली.

त्या ठिपक्याची एक खोड आहे. थोडा वेळ मशीनला कुणी हात लावला नाही की तो हिरव्याचा पिवळा होतो. मग मी येता-जाता माउस हलवतो. माउस म्हणजे साबणाच्या वडीएवढी एक वस्तू, टेबलावर इकडे-तिकडे सरकवायची. कुकर लावला की एकदा, दाढी झाली की एकदा, जेवता जेवता उठून डाव्या हाताने एकदा. पोराला पिवळा दिसला तर उगाच त्याच्या काळजाचं पाणी होईल, एवढंच डोक्यात. सुरुवातीला त्याचा फोन दर रविवारी यायचा. मग एखादा रविवार हुकायला लागला. मग हुकलेले जास्त आणि आलेले कमी झाले. मी कधी विचारलं नाही. एकदा तोच खुशीत म्हणाला, "बाबा, ठिपक्याने काम एकदम सोपं केलं. ऑफिसात बसल्या बसल्या नजर टाकतो, बाबा हिरवे. टेन्शन नाही." फोन ठेवला आणि मी त्या माउसकडे बघत राहिलो. धंद्यात मला कुणी गंडवलं नाही, अप्पा, पण इथे मीच दिवसभर तो माउस हलवून हलवून पोराचा फोन बंद पाडत होतो.

मग एक दिवस इमारतीच्या मीटररूमचं काम निघालं आणि लाइट गेली. मी वहिनींच्या दारात उभा राहून लिफ्टवाल्याच्या नावाने बोटं मोडत होतो, तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. "बाबा! कुठे आहात? ठिपका का नाही? पडलात का?" आवाज चिरकलेला. मी म्हटलं, "अरे, लाइट गेलीय. मी धडधाकट आहे, वहिनींचं डोकं खातोय." तो हसला. आणि मग, काय सांगू, तो बोलतच राहिला. त्याची धाकटी शाळेत काय म्हणाली, तिकडे बांगडा कसा फ्रीजमधला मिळतो, आई त्याच्या तिखल्याच्या कालवणात तिरफळं कधी टाकायची. मी सांगितलं, "उकळी आल्यावर, थोडी ठेचून. आणि झाकण ठेवू नकोस, आई ओरडेल." आई ओरडेल असं तोंडातून गेलं, तर तो पण गप्प, मी पण गप्प. पण ते गप्प बसणंही दोघांनी मिळून केलेलं होतं. लाइट आली, ठिपका हिरवा झाला आणि त्यानंतर कितीतरी रविवार कोरडे गेले.

तेव्हा मी तो उद्योग केला. एका शनिवारी मशीन मुद्दाम बंद केलं. फोन आला, पण मागच्या वेळची ती घाबरगुंडी नव्हती. "लाइट गेली का, बाबा?" मी म्हटलं, "हो." "जेवलात ना? बरं, ठेवतो." काही दिवस जाऊ दिले आणि पुन्हा बंद केलं. सकाळपासून खुर्चीत बसलो. पंखा थांबलेला, त्यामुळे घरातले बारीकसारीक आवाज उठून येत होते, फ्रीज, नळ, खालच्या मजल्यावरचं बाळ. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली तरी मी मोबाइलकडे बघायचो, इतका येडा झालो होतो. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मशीन लावलं तर पडद्यावर त्याचा निरोप, "काल लाइट गेली होती वाटतं. काळजी घ्या." समजून घेतलं होतं त्याने. ठिपका नसण्याचीही त्याला सवय झाली होती.

आणि त्या निरोपासमोर बसलेलो असताना, अप्पा, तुम्ही आठवलात. गिरण्यांचा तो मोठा संप. तुम्ही गॅलरीत लाकडी स्टुलावर बसलेले आहात, अंगात गंजीफ्रॉक, तोंड गिरणीच्या भिंतीकडे. मी नुकताच लाऊडस्पीकरवाल्याकडे वायरी गुंडाळायला लागलोय. संप सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, ओठ मोठे करून, की माग बंद करून काय मिळणार? तुम्ही पानाला चुना लावत होतात. म्हणालात, "चालू आसा तवसर कोण बघना नाय. बंद पडला काय सगळे विचारतत." आईने आतून कढईवर उलथनं आपटलं. "इचारतत! कोण इचारतलो तुमका?" तुम्हाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल. तुमचं ते कधी नीट कळायचं नाही. तुमचा हिशोब सरळ होता. इतक्या हजार मागांचा आवाज एकदम थांबला की मालकाला झोप लागायची नाही. तो माणूस पाठवणार. खात्यावर माणसं घेणारा जॉबर जिना चढून वर येणार, चहा घेणार, म्हणणार, चला.

जिन्यावर पाऊल वाजलं की तुम्हाला ऐकू यायचं नाही, पण गॅलरीची फळी हलली की कळायचं. तुम्ही माझ्याकडे बघायचात. "कोण रे?" मला चाळीतल्या सगळ्यांच्या चपला पाठ होत्या. मी ओठांनी सांगायचो, दूधवाला. वरच्या मजल्यावरची म्हातारी. संघटनेचा वर्गणीवाला. आणि तुम्ही पुन्हा भिंतीकडे वळायचात. महिने गेले. चाळीतले अर्धे लोक गावाला गेले, काहींनी भाजीच्या पाट्या लावल्या, दोघे-तिघे मान खाली घालून गुपचूप कामावर लागले. जॉबर काही आला नाही. मालकाला झोप लागत होती, अप्पा. शांततेची सवय व्हायला माणसाला फार दिवस लागत नाहीत.

एकदा मी तुम्हाला म्हटलं होतं, "आपणच जाऊया ना गेटवर. भांडायला नको, नुसतं विचारून येऊ. मी येतो बरोबर." तुमचा हात उठला होता. मारला नाहीत, उठला तिथेच राहिला. तुमच्या आवाजाचा अंदाज तुम्हाला नसायचा, सगळ्या मजल्याने ऐकलं. "आपण बंद केला, आणि आपणच जावन विचारू? तेंनी येवक व्हया!" पुढे तुम्ही शीवला एका गोदामावर वॉचमन म्हणून लागलात, तिथून सुटल्यावर दुप्पट चालून लांबच्या रस्त्याने घरी यायचात, पण गिरणीच्या गेटवरून कधी गेला नाहीत. डोळे मिटेपर्यंत नाही. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू. पण त्या स्टुलावरची तुमची पाठ मी रोज बघत होतो, आणि त्या पाठीत अभिमानापेक्षा वाट बघणंच जास्त होतं.

परवा वहिनी म्हणाल्या, "भावजी, एवढं वाटतं तर तुम्हीच लावा की फोन." मी फट्‌कन म्हणालो, "मी कशाला लावू? बाप मी आहे. त्याला नको कळायला?" बोललो आणि चपापलो. शब्द मुंबईचे, मालवणी नव्हेत, पण आवाज थेट तुमचा. तसाच मोठा, अंदाज सुटलेला. वहिनी वाटी उचलून निघून गेल्या. मी टेबलाशी आलो, तर ठिपका पिवळा झालेला. हात माउसकडे गेला आणि मध्येच थांबला. हलवला तर सगळं ठीक, फोन नाही. मशीन बंदच केलं तर त्याला वाटणार लाइट गेली, फोन नाहीच. बघितलंत, चालू ठेवला काय आणि बंद केला काय, मी तुमच्या त्या स्टुलावरून हलत नव्हतो.

म्हणून विचारायला बसलो तुम्हाला. तुम्ही काय सांगाल ते ठाऊक आहे, हात वर उचलाल. हे कागद कुणाला दाखवण्यासारखे नाहीत, तुम्हाला धाडायची सोय नाही, घडी घालून जुन्या अँप्लिफायरच्या खोक्यात टाकीन. पण त्याआधी एक सांगतो. काल दिवेलागणीला, म्हणजे त्याच्या सकाळी, मीच फोन लावला. तुमचं ऐकलं नाही.

तीनदा वाजल्यावर उचलला. "बाबा? काय झालं? तब्येत बरी आहे ना?" मी सगळं ठरवून बसलो होतो. म्हणणार होतो, काही झालं नाही रे, घर खायला उठतं, आठवण आली म्हणून केला. ते ओठांपर्यंत आलं आणि ओठ हलेनात. पलीकडे तो घाबरून "बाबा, बाबा" करतोय. शेवटी मी म्हटलं, "अरे, ते विचारायचं होतं, हा कॉम्प्युटर चालू ठेवू की रोज बंद करू? इथे कोण काय सांगतं, कोण काय."

त्याचा सुटलेला श्वास मला इतक्या लांबून ऐकू आला. मग तो समजावून सांगायला लागला. आत चकती कशी फिरते, चालू करताना तिच्यावर ताण कसा येतो, गरम झालं तर काय होतं, झोपेवर कसा ठेवायचा. सावकाश, एकेक गोष्ट. मध्ये त्याची बायको काहीतरी म्हणाली, तर "थांब, बाबांचा फोन आहे" म्हणाला. आणि "कळलं का, बाबा?" असं विचारलं.

मला पहिल्या झटक्यात सगळं कळलं होतं, अप्पा. धंदाच मशीनचा केलाय. पण मी म्हटलं, "नाही रे, नीट नाही कळलं. पुन्हा पहिल्यापासून सांग."