अ वर्गाची आढी

रत्नागिरी, ५ मे

ती. आप्पामामा यांस,

नम्रताचा साष्टांग नमस्कार. (पुढे 'विनंती विशेष' लिहायची पद्धत आहे. पण या वेळची विनंती जरा अवघड आहे, म्हणून ती मागे ठेवली आहे. आधी क्षेमकुशल उरकून घेऊ.) तुमचे गुडघे कसे आहेत? कमळामामी फोनवर सांगत होती की देवळाची चार पावठणी चढायची म्हटली तर तुम्हाला कळ येते, पण माळ्यावर मात्र दिवसातून दोनदा चढून जाता आणि वर कुणाला येऊ देत नाही. अशा निवडक दुखण्यावर औषध नसतं, तेव्हा तब्येत उत्तम आहे असंच धरून चालते. आमच्याकडे सगळे ठीक. मोबाईल सोडून टपालाने का लिहिते असं वाटेल, तर तोंडी सांगितलेलं आणि फोनवर टाकलेलं कार्यालयात पुरावा धरत नाहीत हे तुम्हीच मला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. अकरा वर्षांत तुमची एवढी एकच शिकवण मी पाळली असेन.

तर झालं असं. आपल्या विद्यापीठाला यंदा पन्नास वर्षं झाली. मुख्यालयातून परिपत्रक आलं की प्रत्येक अधिष्ठाता कार्यालयाने आपला इतिहास मूळ कागदपत्रांच्या आधारे पंधरा दिवसांत पाठवावा. (परिपत्रकावर तारीख फेब्रुवारीची होती, आमच्या हातात पडलं एप्रिलात, म्हणजे मुदत संपल्यावर दीड महिन्याने. इतिहासाची सुरुवात तरी परंपरेला धरून झाली.) आमचे सध्याचे अधिष्ठाता डॉ. हर्षद काळोखे हे देशावरचे. माणूस सज्जन, पण इथे येऊन सातच महिने झाल्यामुळे कागद मागितला की मिळतो अशी त्यांची अजून समजूत आहे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, माझं मराठी छान आहे असं सांगितलं आणि इतिहास लिहायला दिला. आपल्या कार्यालयात कुणाचं काहीही छान असल्याचं सांगितलं की त्यामागून काम येतं, हे तुमच्या काळापासून चालत आलेलं आहे. मी किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि तुम्ही निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षांत प्रथमच आंबे सोडून दुसऱ्या कामासाठी रेकॉर्ड रूम उघडली.

मामा, काय सांगू! केवढा इतिहास! पहिली फाईल सापडली 'खुर्ची'. आपले पहिले अधिष्ठाता भाड्याच्या दोन खोल्यांत बसत तेव्हा त्यांनी मुख्यालयाला पत्र लिहिलं की विद्याशाखेचा कारभार मी पेटाऱ्यावर बसून पाहतो आहे, तरी एक खुर्ची मिळावी. त्यावर मुख्यालयाने विचारलं, हाताची की बिनहाताची. त्यांनी कळवलं, कसलीही. 'कसलीही' हा प्रकार खरेदीच्या यादीत नसल्याने पुन्हा विचारणा झाली. खुर्ची आली तेव्हा तिसरे अधिष्ठाता होते आणि ते येताना घरूनच खुर्ची घेऊन आले होते. दुसरी फाईल 'गळती', हिचे सात भाग. प्रत्येक अधिष्ठात्याने रुजू झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात छत गळत असल्याचं कळवलं आहे आणि प्रत्येकाला एकच उत्तर आलं आहे की पाहणीसाठी अभियंता येईल. अभियंता एकदा आला होता, जानेवारीत. त्याने गळती आढळली नाही असा अहवाल दिला. पाचव्या भागापासून पुढची पत्रं वाचताच येत नाहीत, कारण त्यांच्यावर छत गळलं आहे. मला वाटतं, इतका सज्जड पुरावा जोडलेली तक्रार अख्ख्या विद्यापीठात दुसरी नसेल.

दोन दिवस मी धुळीत बसून सगळं लावलं आणि मग लक्षात आलं की हे सगळं ड वर्गाचं आहे. (ही वर्गवारी तुमच्याकडूनच पाठ केली: अ म्हणजे कायम जपायचं, ब आणि क मधल्या मुदतीचं, ड म्हणजे वर्षभरात नष्ट करायचं.) ड वर्ग आपल्याकडे कसा ठेवलाय म्हणून सांगू! पंखादुरुस्तीचं पत्र आहे, फिनेलची मागणी आहे, शिमग्याची सुट्टी एक दिवस की दोन यावरचा एकोणीस पानी वाद आहे, सगळं लाल फडक्यात बांधून, डांबरगोळ्या घालून. पण नेमणुकांचे आदेश, सेवापुस्तकं, जागेची कागदपत्रं, म्हणजे अ वर्गाची तीन ते पाच नंबरची कपाटं उघडली तर आत काय? वास. आंब्याचा. पाहणीला आलेल्या डॉ. काळोख्यांनी मोठा श्वास घेऊन विचारलं, हा कसला सुगंध? मी म्हटलं, सर, इतिहासाचा.

आता हा भाग सरांना द्यायच्या इतिहासात येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. त्या खोलीला जांभ्याच्या जाड भिंती, खिडकी एकच आणि तीही गंजून बंद, त्यामुळे आढी घालायला तिच्यासारखी जागा नाही हे कार्यालयाने पहिल्याच उन्हाळ्यात ओळखलं होतं. दर एप्रिलात तिथे पेंढा पसरायचा, त्यावर सगळ्यांच्या घरचे हापूस पिकायला मांडायचे, हे मी येण्याच्या फार आधीपासून चालू. मग एका अधिष्ठात्यांच्या पायाशी पेंढ्यातला विंचू निघाला आणि कार्यालयात पेंढा आणण्यास सक्त मनाई झाली. (तो आदेश ड वर्गात आहे, अर्थात सुखरूप.) मनाई पेंढ्याला होती, आंब्याला नव्हती, हे बरोबर वाचणारे कार्यालयात तुम्ही एकटे. अ वर्गाचा कागद जाड, ऊब धरणारा. शिवाय ड वर्ग तपासणीला दरवर्षी कुणीतरी मागतं आणि अ वर्ग कायमचा असल्यामुळे तो आज पाहायची घाई कुणालाच नसते. तेव्हा तुम्ही अ वर्गाची आढी घातलीत. आणि मामा, तुम्ही हाडाचे हेडक्लार्क. नोंदवहीत दर एप्रिलात तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात नोंद आहे, 'कपाट क्र. ३ ते ५, हंगामापुरते खाली काढले.' पुढचा रकाना 'परत ठेवले' असा आहे. तो एकवीस वर्षं कोरा आहे. (आंबे मीही खाल्ले. खोटं कशाला बोलू, गोड होते.)

इथपर्यंत मी हसत होते. मग तुळसा आली. आपली तुळसा, पूर्णगडची, अधिष्ठात्यांच्या केबिनचा केर काढते आणि पाणी भरते ती. तिला तुम्हीच ओळखपाळख काढून आणलं होतंत. ती ३१ मेला निवृत्त होते. मुख्यालयाच्या संगणकात तिची नोकरी २००९ पासून सुरू होते, कारण संगणकच २००९ ला आला. ती १९९४ च्या जूनमध्ये कायम झाल्याचा आदेश दाखवला तर तिला जुन्या नियमाने पेन्शन आहे. नाही दाखवला तर काही नाही. पंधरा वर्षं ती आमच्याकडे उगाचच येऊन केर काढून जात होती, असा त्याचा सरकारी अर्थ. मी तिला विचारलं, तुझ्याकडे प्रत आहे का? ती निवांत होती. म्हणाली, "म्याडम, कागूद हितंच हाय. आप्पांनी माझ्यासमोर कपाटात ठेवलानीत. मला म्हणाले, घरी न्हेऊ नको, पावसात भिजंल. हितं कायमचा ऱ्हाईल."

मामा, दरवर्षी आढी तीच लावायची. तुम्ही गठ्ठे खाली काढून द्यायचात, ती ते पसरायची, वर एकेक आंबा देठ खाली करून मांडायची, आणि हंगाम संपला की चीक आणि रस लागलेले कागद मागे नेऊन जाळायची, तुमच्याच सांगण्यावरून. तिला वाचता येत नाही. मी तिला बघते हं म्हणून पाठवलं आणि दार लावून बसले. मला रडू आलं, आणि मग तुमचा भयंकर राग आला.

असो. आनंदाची बातमी राहिलीच. विद्यापीठाच्या पन्नाशीच्या, २० मेच्या समारंभात जुन्या कर्मचाऱ्यांचे सत्कार आहेत. ड वर्गाची लाल फडकी पाहून डॉ. काळोखे इतके भारावले की 'अभिलेखांचे उत्कृष्ट जतन' यासाठी त्यांनी तुमचं नाव दिलं आहे. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्राचा मसुदा मीच लिहिते आहे, माझं मराठी छान असल्यामुळे. 'ज्यांच्या हातून एक कागदही गहाळ झाला नाही' हे वाक्य सरांनी स्वतः घालायला सांगितलं आहे. तुम्ही अवश्य यावं. राजापूरहून सकाळची एसटी पकडलीत तर वेळेवर पोचाल. मामीला नमस्कार.

आपली आज्ञाधारक भाची,
नम्रता

ता. क. मामी बोलता बोलता म्हणाली, "यांनी यंदा माळ्यावर आढी घातलानीत, खाली कसले ते शिक्क्यांचे जाड कागद पसरलानीत." तुम्ही ३१ ऑगस्टला निवृत्त झालात तेव्हा टेम्पोतून सहा पेट्या नेल्यात आणि आम्हाला आंबे म्हणून सांगितलंत. ऑगस्टात आंबे कुठले, हे कोकणात जन्मून आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कृपा करून आंबे बाजूला करून एकेक कागद उलटा. १९९४, जून, नाव तुळसा. चिकाचे डाग चालतील, शिक्का दिसला म्हणजे झालं.

ता. क. दुसरा. नाही मिळाला तर मुख्यालय एका गोष्टीवर मान्य करतं, मी विचारून घेतलं आहे. त्या वेळच्या हेडक्लार्कने शपथेवर लिहून द्यायचं की आदेश निघाला होता, तो माझ्या ताब्यात होता, आणि तो कसा नष्ट झाला. 'कसा' हे सविस्तर हवं. गळतीवर घालू नका, कपाट तीन ते पाचवर छत गळत नाही. आणि हे प्रतिज्ञापत्र दिलंत तर मानपत्रातलं ते वाक्य मला काढावं लागेल, बहुधा शालही. प्रतिज्ञापत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. तारखेची जागा मोकळी ठेवली आहे.

ता. क. तिसरा. तुम्ही म्हणाल, त्या वेळी कुणाला कळत होतं, सगळ्यांचेच कागद गेले. मीही गेला आठवडाभर स्वतःला तेच सांगत होते. काल ड वर्गातला फिनेलचा गठ्ठा सोडला. आत मेणकापडात गुंडाळलेलं एक सेवापुस्तक निघालं, पहिल्या पानापासून शेवटच्या सहीपर्यंत एकही डाग नसलेलं, करकरीत. तुमचं. ते मी पोस्टाने पाठवत नाही, येऊन घेऊन जा. यंदाच्या आढीतले पहिले दोन आंबे तुळसाने तुमच्यासाठी वेगळे काढून ठेवले आहेत. तिला अजून मी काहीच सांगितलेलं नाही.