गाद्यांचं दुकान आणि पंकवाल्यांची बस

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या चरणांना, आणि डाव्या गुडघ्याची तक्रार मामीकडून कळल्यामुळे त्याला वेगळा, भाच्याचा साष्टांग नमस्कार. मामीची पाठ कशी आहे? (गाद्यांच्या व्यापाऱ्याच्या बायकोची पाठ दुखते हे गिऱ्हाइकांसमोर बोलू नका.) तुम्ही गिऱ्हाइकांना दिलेली वचनं ताई अजून दुकानातल्या मागच्या टेबलावरून निस्तरतेच आहे ना? बापाचं दुकान म्हणून मुकाट निस्तरते बिचारी.

ठरल्याप्रमाणे पुढच्या महिन्यापासून मी दुकानात येतोच आहे. हे शेवटचं काम तेवढं उरकलं. तीन पंक बँड एका बसमधून एकवीस गावं फिरले, त्यांच्यावरचा माहितीपट. पंक म्हणजे काय, असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा नेमका फोन कटला होता (मीच कट केला होता), म्हणून आता सांगतो. गाणारा जगावर ओरडतो, वाजवणारे त्याच्यावर कुरघोडी करतात आणि ऐकणारे तिकीट काढून दोघांवर ओरडतात. हे सगळं नीट ऐकू यावं म्हणून ठेवलेला साउंडवाला मी.

आमच्या दिग्दर्शकाला हवा होता धगधगता विद्रोह, आणि पदरात पडल्या सगळ्या गरीब गाई. मुख्य गायक (केसांमुळे त्याला आम्ही साळिंदर म्हणतो) स्टेजवर ‘जाळून टाका सगळं’ अशी आरोळी ठोकायचा आणि खाली उतरला की घरी फोन करून इस्त्री बंद केलीय का ते विचारायचा. ड्रमवाल्याला बस लागते, म्हणून पुढची खिडकी त्याची. उत्स्फूर्त भांडणाचा प्रसंग आम्ही पाच वेळा घेतला. पाचव्या वेळी साळिंदराने ड्रमवाल्याची कॉलर धरली आणि सोडताना घडी नीट करून दिली. शेवटी दिग्दर्शकाने लॉजची खोली उद्ध्वस्त करायला सांगितलं. त्यांनी आधी रिमोट सुरक्षित जागी ठेवला, मग गादी उचलली. ती हातात येताच मी, तुमचा भाचा, न राहवून म्हणालो की कापसाच्या गाठी झाल्यात, ही झोपण्याच्या लायकीची नाही. मग कॅमेरा चालू असताना अर्धा तास सगळे कंबरदुखीवर बोलत बसले. दिग्दर्शक बाथरूममध्ये जाऊन रडला. तोही आवाज माझ्याकडे आहे.

आता एक किरकोळ गोष्ट. कॉलरचा माइक दुसऱ्याला लावण्याआधी साउंडवाला तो स्वतःला लावून तपासतो. बाकीचे एक-दोन-तीन म्हणतात. मी तीन दिवस म्हटलं, मग कंटाळलो आणि रोज सकाळी मागच्या सीटवर बसून मनात येईल ते बोलू लागलो. रेकॉर्डर चालू असतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण दिव्याखाली अंधार. असो.

माहितीपट रविवारी संध्याकाळी टीव्हीवर आहे. पाहण्यासारखं त्यात काही नाही. त्या वेळी मामीला घेऊन फिरायला जावं. (गुडघा दुखला तर हळू चाला, पण लांब जा.)

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. : एडिटरला माझ्या माइकच्या तपासण्या सापडल्या. अख्ख्या बसमध्ये खरा चिडलेला माणूस एकच निघाला, म्हणून माहितीपट आता माझ्यापासून सुरू होतो आणि माझ्यावरच संपतो. त्यात मी ‘मामा, मला दुकानात यायचं नाही’ हे अठरा तऱ्हांनी म्हटलंय. दोन तऱ्हांमध्ये रडलोय.

ता. क. २ : बसमध्ये ते कानावर पडून साळिंदराने त्याचं गाणं केलं. शेवटच्या कार्यक्रमात नऊशे माणसं ‘मामा, मी येत नाही’ म्हणून किंचाळत होती. तुम्हाला न ओळखणाऱ्यांनी तुमच्यावर इतकं चिडावं याचं मला फार वाईट वाटलं. बाबा गेल्यावर तुम्हीच मला वाढवलंत, हे त्या चालीत बसत नव्हतं. म्हणून इथे लिहितो. वर पहिल्या पानावर ‘येतोच आहे’ लिहिलंय, ते मात्र खोडा.

ता. क. ३ : गाद्यांच्या दुकानात आवाज मुरतो, हे धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. ताई सात वर्षं तुमच्याकडे ते दुकान मागतेय. तुम्हाला ऐकू आलं नसेल. माझी विसाव्या दिवशीची तपासणी तिच्याबद्दल आहे. तेव्हा रविवारी फिरायला जाऊ नका. टीव्ही दुकानात नको, घरी लावा, आणि ताईला शेजारी बसवा.